पेन्शनरच्या बोटांचा इतिहास

नोव्हेंबर आला की आमच्या घरी आजीच्या बोटांची तयारी सुरू होते. आदल्या रात्री खोबरेल तेल, सकाळी कोमट पाणी, मग फडक्याने कोरडी करून बँकेत. आजोबा पाटबंधारे खात्यात होते. त्यांच्या माघारी आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं आणि त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. दोन वर्षांपूर्वी यंत्राने तिचा अंगठा ओळखला नाही. तर्जनी झाली, दुसरा हात झाला, एकही बोट लागेना. शेवटी आजी काउंटरवरच्या मुलाला म्हणाली, "अरे बाळा, मी समोर उभी आहे ना?"

'संशोधनाचा विषय सुचतो कसा' असं तुमच्यापैकी अनेक जण विचारतात. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण मला त्या काउंटरवर सुचलं. पेन्शन घेणाऱ्याचं शरीर सरकारी कागदात कधीपासून आणि का आलं?

उत्तर शोधायला बंगालमध्ये जावं लागतं. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये जंगीपूरला राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. तेव्हा उद्देश एवढाच, की पुढे त्याने करार नाकारू नये. पण १८७७ मध्ये हर्शेल हुगळीचा मॅजिस्ट्रेट असताना त्याने बोटांचे ठसे पद्धतशीर घ्यायला सुरुवात केली. त्यात तुरुंगातले कैदी होते, दस्त नोंदवायला येणारे लोक होते आणि पेन्शनर होते! पेन्शनर मेल्यावर दुसराच कोणी त्याच्या नावाने पैसे उचलेल, ही भीती. बोटांच्या ठशांबद्दल वाचताना आपण एकदम गुन्हेगार आणि पोलिसांकडे जातो. १८९७ चा कलकत्त्याचा ठसे विभाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या वीस वर्षं आधी निवृत्त म्हातारी माणसं रांगेत उभी होती, हे मात्र निसटतं. पुस्तकांच्या प्रकरणांची नावं आपल्याला काय दाखवतात आणि काय झाकतात, ते इथे बघा.

हर्शेलचा सगळा भरवसा एका गोष्टीवर होता: माणूस बदलतो, बोटांवरच्या रेषा बदलत नाहीत. सही थरथरते, चेहरा सुरकुततो, पण ठसा तोच. हे पडताळायला तो स्वतःच्या बोटांचे ठसे तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत घेत राहिला. रेषांच्या नक्षीबद्दल त्याचं म्हणणं खरंच आहे. पण वयानुसार त्या रेषांचा उंचवटा कमी होतो, कातडी कोरडी पडते, लवचिकपणा जातो. नक्षी असते, पण यंत्राला ती नीट उमटून मिळत नाही. त्यात आयुष्यभर राखेने भांडी घासलेली, भात लावलेला असेल तर बोलायलाच नको. आजोबांची कारकुनी बोटं शेवटपर्यंत चालली असती, असं मला वाटतं. म्हणजे झीज फक्त वयाची नाही, कामाचीही आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही डिजिटल दाखल्याची सोय आली. हेतू चांगलाच होता, कारण कागदी दाखल्यासाठी म्हाताऱ्यांना खेटे घालावे लागत. पण ओळखीचं साधन तेच, जे मुळात 'वयाने बदलत नाही' म्हणून निवडलं होतं. शिवाय निवृत्तीही उशिरा झाली होती. केंद्र सरकारी नोकरांचं निवृत्तीचं वय १९६२ मध्ये ५५ वरून ५८ झालं आणि १९९८ मध्ये ६०. त्यापुढे पंचवीस-तीस वर्षं दाखले देणारी माणसं आता घरोघरी आहेत.

आता तुमच्या कामाचं. अभिलेखागारात पेन्शनची फाइल हातात आली तर फक्त रक्कम आणि हुद्दा उतरवून घेऊ नका. एकाच माणसाच्या दहा वर्षांतल्या सह्या शेजारी ठेवून बघा. अक्षर कधी मोठं झालं, ओळ कधी उतरली, सहीच्या जागी अंगठा कधी आला, साक्षीदार म्हणून मुलगा कधीपासून दिसायला लागला. म्हातारपणाबद्दल त्या माणसाने एक शब्दही लिहिलेला नसतो, तरी ते कागदावर असतं. मात्र घाईने निष्कर्ष काढू नका. अंगठा आला म्हणजे हात थरथरत होता असंच नाही. त्या साली नियम बदललेला असू शकतो. आधी नियम तपासा, मग हाताकडे या. मी हे उलट केलं होतं आणि मार्गदर्शकांनी पहिला मसुदा परत पाठवला होता.

गेल्या वर्षी आम्ही आजीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून केला. पडद्यावर सूचना आली, डोळ्यांची उघडझाप करा. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झालेली आजी म्हणाली, "एवढं जमतं अजून," आणि जरा जास्तच वेळा डोळे मिचकावले.