फनार: घरं दुरुस्त झाली, पण कुणासाठी?

आज जाऊया इस्तंबूलला, गोल्डन हॉर्न खाडीच्या काठावरच्या फेनेर मोहल्ल्यात. ग्रीक लोक त्याला फनार म्हणतात.

साधारण 1600 पासून ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या मुख्य धर्मगुरूंचं पीठ इथेच आहे. त्याच्या आसऱ्याने श्रीमंत ग्रीक घराणी वसली, ती 'फनारिओट'. चार-पाच भाषा सहज बोलणारी ही मंडळी, त्यामुळे ऑटोमन दरबारातलं मुख्य दुभाष्याचं पद यांच्याकडे आलं. 1711 पासून मोल्डेव्हियाची आणि 1716 पासून वालाकियाची गादीसुद्धा! 1821 मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि सुलतानाचा विश्वास उडाला.

तरी वस्ती टिकली. टेकडीवरची लाल विटांची भव्य शाळा तर 1880 च्या दशकातली. मोहल्ला रिकामा झाला तो नंतर: 1942 चा संपत्ती कर, 1955 ची दंगल, 1964 ची हद्दपारी. मोकळ्या घरांत अनातोलियातून आलेली गरीब कुटुंबं राहू लागली.

2003 ते 2008 या काळात युरोपियन युनियनच्या 70 लाख युरोंमधून इथली जुनी घरं दुरुस्त झाली. रस्त्यावर झुकलेल्या सज्जांसकट. अट एकच, राहणाऱ्यांना हलवायचं नाही. पण पुढे पर्यटक आले, कॅफे आले, भाडी चढली. म्हणजे आधी ग्रीक गेले, आता गरिबांवर तीच वेळ.

ती लाल शाळा आजही चालू आहे. विद्यार्थी मात्र मोजकेच. भिंती दुरुस्त करायला पैसा पुरतो हो, शेजार परत आणायला नाही पुरत.