‘ने’ आणि ‘नो’

आज इंग्रजींत नकारास एक ‘नो’ पुरतो. सोळाव्या शतकाच्या आरंभीं मात्र जाणते लोक दोन नकार पाळीत. ‘तूं जातोस काय ?’ यास उत्तर ‘ने’, आणि ‘तूं जात नाहींस काय ?’ यास ‘नो’. ‘ने’ हा नॉर्स लोकांबरोबर आलेला पाहुणा. ‘नो’ मूळचा अँग्लो-सॅक्सन.

१५३२ सालीं टॉमस मोरनें याच भेदावरून विल्यम टिंडलला धारेवर धरलें. टिंडलच्या भाषांतरांत ‘तूं संदेष्टा आहेस काय ?’ या प्रश्नास योहान ‘नो’ म्हणतो. मोरच्या मतें तेथें ‘ने’ हवें होतें. गंमत अशी कीं, नियम सांगतांना मोर स्वतःच एके ठिकाणीं घसरला ! अर्थात् खरें भांडण व्याकरणाचें नव्हतें; बायबल लोकभाषेंत कोणीं व कसें आणावें, याचें होतें. पुढें राजा आठव्या हेन्रीनें मागितलेली शपथ मोरनें नाकारली. १५३५ त त्याचा शिरच्छेद झाला. टिंडलला १५३६ त ब्रसेल्सजवळ गळा आवळून जाळलें.

शतक संपेपर्यंत तो भेदही पुसून गेला. अमेरिकेच्या काँग्रेसमध्यें मतदानाच्या वेळीं ‘ने’ अजून ऐकूं येतो. लंडनच्या कॉमन्स सभेंत मात्र ‘नो’च म्हणतात.