'रन'चे 645 अर्थ: एका आकड्याची झाडाझडती

इंग्रजी किती श्रीमंत हे पटवून द्यायचं झालं की हल्ली एक आकडा हमखास पुढे केला जातो: 645. 'रन' या साध्या क्रियापदाचे ऑक्सफर्ड शब्दकोशात इतके अर्थ दिले आहेत. आकडा खोटा नाही. कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका शब्दापायी नऊ महिने खर्च केले आणि 2011 मध्ये नवी नोंद प्रसिद्ध झाली. त्यावरून लोक दोन अनुमानं काढतात. 'रन' हा इंग्रजीतला सर्वांत अर्थबहुल शब्द आहे, हे पहिलं. इतके अर्थ पेलणारी भाषा इतर भाषांहून समृद्ध असणारच, हे दुसरं. माझ्या मते दोन्ही लटकी आहेत.

आधी विक्रमाचं पाहू. 1989 च्या आवृत्तीत हा मान 'सेट'कडे होता. नुसत्या क्रियापदाचे अर्थ 430, जोडक्रियापदं आणि वाक्प्रचार धरले तर सुमारे 580. म्हणजे काय मोजायचं यावरच दीडशेचा फरक पडतो. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं ते 'एम' या अक्षरापासून. मग 2000 साली 'मेक'ने विक्रम मोडला, 2007 मध्ये 'पुट'ने आणि 2011 मध्ये 'रन'ने. एम, पी, आर. विजेत्यांचा हा क्रम वर्णमालेचाच आहे! संपादकांचा हात ज्या अक्षरापर्यंत पोचला, तिथला शब्द पहिला आला. 'सेट' बिचारा जुन्याच भांडवलावर उभा होता, कारण 'एस'ची पाळी अजून यायची होती. तेव्हा या शर्यतीतून फार तर संपादनाची प्रगती कळते.

आता मुळाशी जाऊ. अर्थ मोजायचा म्हणजे काय मोजायचं? नदी वाहते, नळ वाहतो, नाक वाहतं, धुण्यात कपड्याचा रंग जातो. इंग्रजीत चारही ठिकाणी 'रन' चालतं. हे चार अर्थ, की द्रव पदार्थाचं पुढे सरकणं हा एकच? आगगाडी ठरल्या मार्गावर धावते आणि नाटकाचे सहा महिने प्रयोग होतात, यात साम्य किती धरायचं? कोशकार बारीक कातरतो, कारण त्याला प्रत्येक वापराचा जन्म आणि मृत्यू नोंदवायचा असतो. हा कोश ऐतिहासिक आहे. आज कुणाच्या तोंडी नसलेले वापरही त्यात हिशेबाला धरलेले आहेत. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या कोशाच्या प्रस्तावनेत ज्या क्रियापदांनी आपल्याला जेरीस आणलं त्यांची यादीच दिली आहे. तीत 'गो', 'मेक', 'टेक' यांच्याबरोबर 'रन'ही आहे. त्याच्या लेखी ही कोशकाराची डोकेदुखी होती. तिला भाषेचं वैभव म्हणणारे पुढचे.

आपल्याकडच्या मीमांसकांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. एका शब्दाला जरुरीपेक्षा जास्त अर्थ मानणं त्यांना अन्याय्य वाटे. मूळ अर्थावरून लक्षणेनं, म्हणजे तोच अर्थ ताणून, काम भागत असेल तर नवी अभिधा, म्हणजे स्वतंत्र वाच्यार्थ, कल्पू नये, असा त्यांचा आग्रह. ती कसोटी लावली तर 645 पैकी बहुसंख्य अर्थ शेजारच्या शब्दांच्या खात्यावर जमा होतील.

यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. एका माणसाने दुकान आणि मॅरेथॉन या दोन्ही गोष्टी 'रन' केल्या, असं एकाच क्रियापदावर भागवून इंग्रजीत म्हटलं तर ऐकणारा हसतो. अर्थ एकच असता तर हसू आलं नसतं. हे मान्य. स्वतः धावणं आणि दुसरं काही चालवणं हे वेगळे अर्थ आहेत. असे मूळ गट थोडेच निघतील. नक्की किती, यावर भांडण होऊ शकतं, पण ते शेकड्यांत जाणार नाहीत.

समानार्थी शब्दांबद्दलही असाच गैरसमज आहे. पीटर मार्क रॉजेट या डॉक्टरने 1852 मध्ये आपला थिसॉरस काढला. त्यात शब्द कल्पनेनुसार लावलेले होते: गतीसमोर स्थिरता, वेगासमोर मंदपणा. मनात कल्पना आहे पण शब्द सापडत नाही, अशा माणसासाठी ते पुस्तक होतं. आपण मात्र एक शब्द काढून दुसरा बसवायला ते वापरतो. 'जॉग' म्हणजे व्यायामाची संथ धाव, 'स्प्रिंट' म्हणजे थोड्या अंतरासाठी जीव तोडून, 'बोल्ट' म्हणजे बुजलेल्या घोड्यासारखं सुसाट. यातला एखादा शब्द 'रन'च्या जागी दुकानाला, तापाला किंवा नदीला लावून पाहा. उलट निवडणुकीत बघा: अमेरिकेत उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तोच 'स्टँड' करतो. धावणं आणि उभं राहणं एरवी परस्परविरोधी, इथे समानार्थी. मग समानार्थ शब्दांत असतो की वाक्यांत?

राहिला समृद्धीचा मुद्दा. मराठी 'चालणे' घ्या. बाळ चालतं, गिरणी चालते, घड्याळ चालतं, खटला चालतो, नाणं चालतं, डोकं चालत नाही, आणि 'चहा चालेल?' यावर तर आपला निम्मा पाहुणचार चालतो. 'धावणे' आणि 'पळणे' कोशात शेजारी बसतात. पण मदतीला माणूस धावून येतो, पळून येत नाही, आणि कर्ज बुडवून तो पळून जातो, धावून जात नाही. झपझप, तरातरा, दुडुदुडु, रमतगमत अशा क्रियाविशेषणांवर आपण चालीची जी नक्षी काढतो, तिच्यासाठी इंग्रजीला बऱ्याचदा वेगळं क्रियापद गाठावं लागतं. म्हणून मराठी श्रीमंत ठरत नाही, तशी 645 मुळे इंग्रजीही ठरत नाही. रोजच्या वापरातलं चलनवाचक क्रियापद असं पसरतंच. इंग्रजीतला पसारा जास्त मोजला गेला, याचं एक कारण म्हणजे तिथे मोजायला पगारी माणसं बसली. यंत्रयुगात गाड्या, इंजिनं आणि नंतर संगणकाचे प्रोग्रॅम 'रन' होऊ लागले, हे दुसरं.

गिलिव्हर यांच्या कामाचं मोल या आकड्याने उलट झाकलं जातं. ती नोंद उघडलीत तर अर्थांचे क्रमांक सोडून द्या आणि खालची तारीखवार उदाहरणं वाचा.