दोन तासांची मुदत

२००३ साली व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम सुरू केलं. गेमचं दुकान थेट संगणकात आलं, पण पैसे एकदा गेले की गेले. गेम मधेच बंद पडत असला, तरी गिऱ्हाइकाच्या हाती बहुतेकदा काहीच लागत नसे.

२०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ओरिजिन या आपल्या ऑनलाइन दुकानात स्वतःच्या गेमसाठी परताव्याची हमी दिली. खरा दणका मात्र ऑस्ट्रेलियातून बसला. तिथल्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये परताव्याच्या हक्कावरून व्हॉल्व्हवर खटला भरला. आम्ही ऑस्ट्रेलियात धंदाच करत नाही, शिवाय जे देतो तो माल नव्हे, असा कंपनीचा बचाव होता. न्यायालयाने तो फेटाळला आणि २०१६ अखेरीस ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. योग्यच झालं.

निकालाआधीच, जून २०१५ मध्ये, स्टीमने नियम जाहीर केला होता: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि गेम २ तासांहून कमी खेळलेला असेल, तर कारण काहीही असो, पैसे परत. त्याच महिन्यात ‘बॅटमॅन: आर्कम नाइट’ची पीसी आवृत्ती इतकी अडखळत चालली, की प्रकाशकाला तिची विक्रीच थांबवावी लागली. सदोष गेम घेतलेल्यांना आता निदान दाद मागायची सोय होती.

छोट्या निर्मात्यांना मात्र हाच नियम जाचला. एमिका गेम्सचा ‘समर ऑफ ’५८’ हा भयकथेचा गेम २ तासांच्या आत संपे. तो शेवटपर्यंत खेळून, आवडल्याचं सांगूनही, अनेकांनी पैसे परत घेतले. ही सरळसरळ लूट होती. २०२१ मध्ये त्याच्या निर्मात्याने गेम बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत असल्याचं जाहीर केलं.