शासकीय नोकरकपात (भारत)

शासकीय नोकरकपात म्हणजे शासनाच्या सेवेतील मंजूर पदांची किंवा प्रत्यक्ष कर्मचाऱ्यांची संख्या धोरण म्हणून कमी करणे. भारतात १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर या प्रश्नावरील वाद तीव्र झाला. कर्मचारी किती असावेत आणि शासनाने कोणती कामे स्वतः करावीत, हे दोन प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

पाचवा केंद्रीय वेतन आयोग

न्या. एस. रत्नवेल पांडियन यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने जानेवारी १९९७ मध्ये अहवाल सादर केला. अर्थतज्ज्ञ सुरेश तेंडुलकर आयोगाचे सदस्य होते. वेतनवाढीबरोबरच दहा वर्षांत कर्मचारीसंख्या ३० टक्क्यांनी घटवावी आणि सुमारे साडेतीन लाख रिक्त पदे रद्द करावीत, असे आयोगाने सुचविले. वेतनवाढ लागू झाली. ३० टक्के कपात मात्र अमलात आली नाही. उलट १९९८ मध्ये निवृत्तीचे वय ५८ वरून ६० वर्षे करण्यात आले.

२००१ चे भरतीविषयक धोरण

२००१-०२ च्या अर्थसंकल्पीय भाषणात अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी वेगळा मार्ग मांडला. दरवर्षी सुमारे ३ टक्के कर्मचारी निवृत्त होतात. नवी भरती १ टक्क्यापुरती ठेवल्यास वर्षाला २ टक्के, म्हणजे पाच वर्षांत १० टक्के घट होईल, असे हे गणित होते. त्यानुसार मे २००१ मध्ये आदेश निघाला. सरळसेवेच्या रिक्त जागांपैकी एकतृतीयांश जागाच भरण्याची मर्यादा त्यात होती. हे निर्बंध २००९ पर्यंत राहिले. या पद्धतीत कोणाचीही नोकरी जात नाही. परंतु पद कोणत्या कामाचे आहे यापेक्षा ते केव्हा रिक्त होते यालाच महत्त्व येते, असा आक्षेप घेतला जातो.

दोन्ही बाजू

वेतन आणि निवृत्तिवेतन यांवरील खर्चामुळे विकासकामांना निधी अपुरा पडतो, तसेच संगणकीकरणामुळे टंकलेखन व नोंदींची अनेक पदे कालबाह्य झाली आहेत, असे कपातीचे समर्थक म्हणतात.

विरोधकांच्या मते भारतातील नोकरशाही लोकसंख्येच्या मानाने मोठी नाही. सातव्या वेतन आयोगाच्या २०१५ मधील अहवालानुसार, रेल्वे व टपाल वगळता केंद्राचे कर्मचारी दर लाख लोकसंख्येमागे १३९ होते. अमेरिकेच्या संघराज्य शासनात हे प्रमाण ६६८ होते.

रिक्त पदे आणि कंत्राटी भरती

१ मार्च २०२१ रोजी केंद्राची सुमारे ४०.३५ लाख पदे मंजूर होती. त्यांपैकी सुमारे ९.७९ लाख रिक्त होती. जून २०२२ मध्ये केंद्राने दीड वर्षात दहा लाख जणांच्या भरतीची घोषणा केली.

महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासननिर्णय निघाला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या उमेदवारांनी आणि विरोधी पक्षांनी विरोध केल्यावर तो ऑक्टोबरमध्ये रद्द करण्यात आला. नोकरीची शाश्वती आणि आरक्षणाचे भवितव्य हे आक्षेपाचे प्रमुख मुद्दे होते.

पद रद्द करणे आणि पद रिक्त ठेवणे यांत महत्त्वाचा फरक आहे. पद रद्द करताना संबंधित काम अनावश्यक आहे किंवा अन्य मार्गाने होईल, हे ठरवावे लागते. पद नुसतेच रिक्त ठेवल्यास काम कायम राहते. त्याचा भार उरलेल्या कर्मचाऱ्यांवर आणि ताटकळणाऱ्या नागरिकांवर पडतो.