खुशीने जातोस का? : एका सरकारी प्रश्नाची कुळकथा

वीस आशियाई उतारू घेऊन हाँगकाँगहून निघालेले जहाज म्हणजे नुसते जहाज. त्यावर एकविसावा माणूस चढला आणि प्रवास सात दिवसांहून लांबचा असला, की कायद्याच्या लेखी ते ‘चिनी प्रवासी जहाज’ होई. मग कप्तानामागे सोपस्कारांचे शुक्लकाष्ठ लागे. एक हजार पौंडांचे जामीनखत लिहून दे, उतारूंच्या मजल्याचे माप दे, पाण्याची पिंपे दाखव, डॉक्टर हजर कर. शेवटी सरकारी अधिकारी डेकवर येऊन दुभाष्यामार्फत उतारूंकडे चौकशी करणार : कुठे चाललास ते ठाऊक आहे का? करार समजला का? खुशीने जातोस का? त्याने दाखला दिला तरच नांगर उचलायचा.

ऑगस्ट १८५५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या ‘चायनीज पॅसेंजर्स अ‍ॅक्ट’चा हा थाट. हाँगकाँगमध्ये हे काम एमिग्रेशन अधिकाऱ्याचे आणि चीनच्या इतर बंदरांत ब्रिटिश कॉन्सलचे. शिवाय राणीच्या कोणत्याही युद्धनौकेच्या कप्तानाला अशा जहाजावर चढून झडती घेण्याचा आणि कागदपत्रे मागण्याचा हक्क. इतका अधिकार एका कायद्यात एकवटला खरा, पण त्यातला एकही धागा चीनच्या किनाऱ्यावर विणलेला नव्हता.

जागेचे माप आले अटलांटिकवरून. स्कॉटिश आणि आयरिश गरिबांना अमेरिकेत नेणाऱ्या जहाजांत माणसे कोंबली जात, म्हणून १८०३ मध्ये ब्रिटनने जहाजाच्या टनांवरून उतारूंची संख्या बांधून दिली. युद्धनौकेची झडती आली आफ्रिकेवरून. १८०८ पासून ब्रिटिश आरमार तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर गुलामांची जहाजे पकडत होते. मात्र परक्या निशाणाच्या जहाजाला हात लावायचा तर त्या देशाशी तसा तह असावा लागे. आणि करार अधिकाऱ्यासमोर मांडण्याची रीत आली कलकत्त्याहून. गुलामगिरी संपल्यावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर हवे झाले, तेव्हा कंपनी सरकारने १८३७ मध्ये ठरवले, की जाणारा मजूर आणि त्याला नेणारा एजंट या दोघांनी अधिकाऱ्यापुढे उभे राहून अटी मांडाव्यात. १८४२ मध्ये मद्रास आणि मुंबईची बंदरेही या वाहतुकीला खुली झाली. गिरमिटाचा, म्हणजे मजुरीच्या कराराचा, कागद तिथून पूर्वेकडे सरकला.

चीनमध्ये मात्र एक मोठी अडचण होती. छिंग बादशहाच्या कायद्याने प्रजेला देश सोडायचीच बंदी होती. जे बेकायदाच आहे त्यावर देखरेख कोण ठेवणार? चिनी अंमलदार डोळे मिटून बसत, नाहीतर हात पुढे करत. ती रिकामी खुर्ची परक्या कॉन्सलने घेतली.

१८४७ मध्ये ‘ओकेंदो’ हे स्पॅनिश जहाज आमॉयहून, म्हणजे आजच्या शियामेनहून, दोनशेवर मजूर घेऊन क्युबात हवानाला पोचले. आठ वर्षांचा करार, महिना चार पेसो पगार. या धंद्यात आमॉयचे ब्रिटिश व्यापारी पुढे होते. त्यातला एक, जेम्स टेट, स्वतःच स्पेनचा कॉन्सल होता. माणसे पाठवणारा आणि पाठवणीवर शिक्का मारणारा एकच. १८५२ मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन बाउरिंग यांनी लंडनला कळवले, की आमॉयच्या कोंडवाड्यांत माणसांना उघडे करून छातीवर अक्षरे रंगवतात : कॅलिफोर्नियासाठी ‘सी’, पेरूसाठी ‘पी’, सँडविच (हवाई) बेटांसाठी ‘एस’. त्याच वर्षी ‘रॉबर्ट बाउन’ या अमेरिकी जहाजावर मजुरांच्या शेंड्या कापल्या गेल्या. त्यांनी बंड करून कप्तानाला ठार मारले आणि जहाज र्‍युक्यू बेटांकडे नेले. नोव्हेंबरात दलालांविरुद्ध आमॉयच पेटले. ब्रिटिश युद्धनौकेचे सैनिक किनाऱ्यावर उतरले ते व्यापाऱ्यांच्या कोठ्या राखायला. त्यांच्या गोळ्यांनी काही चिनी मेले. पुढे कॉन्सलच्या कोर्टाने दंग्याला कारण झालेल्या साइम नावाच्या व्यापाऱ्याला २०० डॉलर दंड केला. आरमार आणि कॉन्सल या धंद्यात पहिल्यांदा उतरले ते असे.

लाज आणि बंडाची धास्ती, दोन्हींतून १८५५ चा कायदा झाला. मोजता येईल ते सगळे त्याने मोजले. माणशी बारा चौरस फूट जागा, बहात्तर घनफूट हवा, रोजचे ठरीव पाणी, तांदूळ आणि मासळीचे ठरीव वजन. खुशी कशाने मोजायची? अधिकारी जहाजावर यायच्या आत दलालाने उत्तर घोकून घेतलेले असे. ‘नाही’ म्हणणाऱ्याला परत त्याच कोंडवाड्यात जायचे होते, आणि तिथे काय होते ते बाकीच्यांनी पाहिलेले असे. १८५६ मध्ये ‘ड्यूक ऑफ पोर्टलंड’ हे जहाज या नव्या कायद्याखाली हाँगकाँगहून हवानाला निघाले. ३३२ मजुरांपैकी १२८ वाटेतच मेले.

दुसरी भेग निशाणाची. हाँगकाँगहून सुटणारे कुठलेही जहाज कायद्यात बसे. चीनच्या बाकी किनाऱ्यावर, आणि त्यापासून शंभर मैलांच्या पट्ट्यात, फक्त ब्रिटिश जहाज. म्हणून धंदा जागा बदलत राहिला. स्वाटौ बंदर तेव्हा परक्यांना उघडलेलेच नव्हते, त्यामुळे तिथे विचारायला कॉन्सलही नव्हता. अमेरिकी आणि इतर जहाजे तिथेच माणसे भरू लागली. अमेरिकेने १९ फेब्रुवारी १८६२ ला आपल्या जहाजांना हा व्यापार बंद केला. स्वखुशीने जाणाऱ्यांसाठी बंदरातल्या अमेरिकी कॉन्सलचा दाखला लागू झाला, आणि संशय आल्यास आपल्याच देशाची जहाजे तपासायला अमेरिकी युद्धनौकांना पाठवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाला. ब्रिटिश घडण जवळजवळ तशीच उचललेली.

मग उरले मकाव. पोर्तुगीज बंदर, १८४४ पर्यंत कारभार गोव्याच्या गव्हर्नर जनरलच्या हाताखालचा. हाँगकाँगपासून जेमतेम चाळीस मैलांवर. तिथेही एमिग्रेशनचा अधिकारी होता, करार वाचून दाखवला जाई, तोच प्रश्न विचारला जाई. आणि तिथूनच पेरू आणि क्युबाची जहाजे सुटत राहिली. १८७१ मध्ये ‘डॉन हुआन’ हे जहाज मकावहून निघाल्यावर काही दिवसांतच पेटले. आत कोंडलेल्या सहाशेंच्या आसपास माणसांचा जीव गेला.

पुढच्या वर्षी आरमाराने कोडे सोडवले, तेही कायद्याच्या कलमाने नव्हे. मे १८७२ मध्ये मकावहून पेरूला निघालेले ‘मारिया लूझ’ वादळात सापडून दुरुस्तीसाठी योकोहामाला लागले. त्यावर दोनशे तीसच्या आसपास मजूर होते. एका रात्री त्यांतल्या एकाने पाण्यात उडी घेतली आणि जवळच्या ‘आयर्न ड्यूक’ या ब्रिटिश युद्धनौकेकडे पोहत गेला. पेरूच्या निशाणाखालच्या जहाजावर इंग्रज कप्तानाचा काडीचा अधिकार नव्हता. त्याने पळालेल्याला जपान्यांच्या हवाली केले. त्यांनी त्याला जहाजावर परत धाडले आणि तिथे त्याचे हाल झाले. मग ब्रिटिश प्रतिनिधीने स्वतः जहाज पाहून जपानच्या परराष्ट्रमंत्र्यांकडे, सोएजिमा तानेओमींकडे, प्रकरण लावून धरले. बंदर जपानचे होते, तेव्हा न्यायही जपानने करावा. कानागावाचे अधिकारी ओए ताकू यांनी चौकशी चालवली आणि मजुरांना मोकळे करून चीनला परत पाठवले. पेरूने भरपाई मागितली; १८७५ मध्ये लवाद म्हणून रशियाच्या झारने जपानच्या बाजूने कौल दिला. ज्याचे बंदर, त्याचा अधिकार, हे सूत्र इथे पक्के झाले. मकावच्या बाबतीत ते पोर्तुगालला लागू होते. दबाव वाढला, आणि गव्हर्नर व्हिस्काउंट सां जानुआरिओ यांच्या कारकिर्दीत मार्च १८७४ मध्ये मकावचा धंदा बंद झाला. हे गृहस्थ त्याआधी गोव्याचे गव्हर्नर जनरल होते. क्युबाकडे तोवर सव्वा लाखावर चिनी गेले होते, पेरूकडे सुमारे एक लाख.

त्याच वर्षी हा जुना प्रश्न पहिल्यांदा दुसऱ्या टोकाला विचारला गेला. चिनी सरकारने छन लानपिन यांना दोन परदेशी सहकाऱ्यांसह क्युबात पाठवले. मळ्यांत आणि तुरुंगांत जाऊन त्यांनी १,१७६ जबान्या आणि १,६६५ जणांच्या सह्यांचे ८५ अर्ज गोळा केले. कसे आलात, खुशीने आलात का? अहवालाने निष्कर्ष काढला, की दहातले आठ-नऊ जण आपल्या इच्छेविरुद्ध आणले गेले होते. बंदरात याच माणसांच्या नावापुढे होकार नोंदलेला होता. प्रश्न तोच, विचारणारा त्यांच्या भाषेचा होता आणि त्याला जहाज भरायचे नव्हते. १८७७ मध्ये स्पेनशी करार झाला, १८७९ मध्ये हवानात चिनी कॉन्सल आला. सिंगापुरात चीनने आपला कॉन्सल त्याआधी, १८७७ मध्येच, नेमला होता.

याच काळात अमेरिकेत हा प्रश्न उलटा फिरला. १८७५ च्या पेज कायद्याने हाँगकाँगच्या अमेरिकी कॉन्सलला सांगितले, की येणारी बाई खुशीने येते का आणि ‘अनैतिक’ कामासाठी तर येत नाही ना, हे तपास. जाणाऱ्याच्या रक्षणासाठी जन्मलेला दाखला आता त्याला अडवण्याचा अडसर झाला. चिनी बायकांचे अमेरिकेत येणे जवळपास थांबले. यातून पैसाही निघाला. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले घोडदळाचे कर्नल जॉन मॉस्बी यांची १८७८ मध्ये हाँगकाँगला कॉन्सल म्हणून नेमणूक झाली. तपासणीची फी सरकारात जमा न होता आधीच्या कॉन्सलांच्या खिशात जात होती, हे त्यांनी उघड केले.

या कुळाची भारतातली शाखा आजही नांदते आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली मुंबईसह अनेक शहरांत ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चे कार्यालय आहे; दहावी न झालेला कामगार आखाती देशात नोकरीला निघाला, तर त्याला तिथून मंजुरी घ्यावी लागते. करार, पगार, मालकाचे नाव असे सगळे कागद इथल्या टेबलावर तपासले जातात. मकावातही कागद तपासले जात होते. फरक पडायचा तर तो आखातातल्या वकिलातीत पडतो : तिथे या माणसाचे गाऱ्हाणे ऐकायला त्याची भाषा जाणणारा कोणी आहे का, आणि जेवणाच्या सुट्टीत बस पकडून तिथवर पोचणे कामगाराला जमते का, यावर.