कॅमशाफ्ट फिरवायचा कशाने?

चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा एकच व्हावा लागतो. हा मेळ बिघडला, तर अनेक इंजिनांत उघडी झडप दट्ट्यावर आदळून मोडते. मग दोघांना जोडायचे कशाने? याची तिन्ही उत्तरे पुण्याच्या कारखानदारीत सापडतात.

किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ ची. खडकीच्या या कंपनीच्या, शेतीपंप चालवणाऱ्या डिझेल इंजिनांत कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टजवळच असतो. तेथे दोन दंतचक्रे पुरतात. पण वेग वाढवताना झडपांपर्यंत जाणाऱ्या लांब दांड्या जड पडतात. म्हणून कॅमशाफ्ट माथ्यावर गेला आणि अंतर वाढले. टाटांच्या १९९८ च्या डिझेल इंडिकाने दातेरी पट्टा निवडला: हलका, शांत, पण मुदतीत बदलावाच लागणारा. आकुर्डीच्या बजाजने २००१ च्या पल्सरमध्ये साखळी वापरली: टिकाऊ, पण झिजून सैल होणारी, म्हणून तिला ताण देणारा भाग हवा.

शर्यतीसाठी बनलेल्या कॉसवर्थ डीएफव्ही या इंग्लिश इंजिनाने १९६७ मध्ये माथ्यावरचे कॅमशाफ्टही दंतचक्रांच्या मालिकेनेच फिरवले. तेथे अचूकतेपुढे आवाज आणि खर्च गौण होता.

तेव्हा ‘उत्तम कोणते?’ असे विद्यार्थ्याने विचारले, तर आपण उलट विचारावे, ‘कोणत्या कामासाठी?’